मॉनिटर गेला, स्टँड उरला

गिरगावातून ऑपेरा हाऊसचा नाका ओलांडून डॉ. भडकमकर मार्गाला लागलं की थोड्याच अंतरावर दुकानांचा नूर पालटतो. हा रस्ता पाटीवर भडकमकरांचा असला, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ या चित्रपटगृहांमुळे हा भाग एकेकाळी पडद्यासाठीच ओळखला जाई. आजही इथला धंदा पडद्याचाच आहे, फक्त तो पडदा टेबलावर मावतो. मॉनिटर, त्याला टेबलाच्या कडेला पकडून धरणारा आर्म, शेजारच्याला मजकूर दिसू नये म्हणून लावायची फिल्म, काचेचा गार्ड, एचडीएमआय केबल, वर बसवायचा वेबकॅम, धुळीपासून जपणारं कव्हर, पुसायचं फडकं. दादर, परळ, लालबागमधल्या कचेऱ्या, क्लासेस आणि घरं यांची ही खरेदी बरीचशी इथूनच होते.

या मालातला मोठा हिस्सा बाहेरून येतो. न्हावा-शेवाच्या बंदरात किंवा सहारच्या एअर कार्गोत उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूला आठ आकडी क्रमांक द्यावा लागतो. वर सांगितलेल्या वस्तू टेबलावर एकमेकींना खेटून बसतात, पण सीमाशुल्काच्या पुस्तकात त्यांची घरं लांब लांब आहेत. केबल ८५४४ मध्ये, वेबकॅम ८५२५ मध्ये, माऊस आणि कीबोर्ड ८४७१ मध्ये, कडक केलेली सेफ्टी ग्लास ७००७ मध्ये, मागे चिकट थर असलेली प्लास्टिकची फिल्म ३९१९ मध्ये, पुसायचं कापडी फडकं ६३०७ मध्ये. फिल्म ध्रुवीकरण करणाऱ्या पदार्थाची असेल तर ९००१, म्हणजे थेट भिंगं आणि प्रिझमांच्या पंगतीत. आणि मॉनिटरचा आर्म? या लेखाचा विषय तोच आहे, कारण त्याला धड घर नाही.

आधी पुस्तकाबद्दल थोडं. आपला सीमाशुल्क दर कायदा १९७५ चा. त्याचं शुल्कपत्रक १९८६ पासून ‘हार्मोनाइज्ड सिस्टम’ या जागतिक पद्धतीच्या साच्यात बसवलेलं आहे. ही पद्धत ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना सांभाळते आणि काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती काढते. क्रमांकाचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे दोन भारताचे. पहिल्या दोन आकड्यांनी चॅप्टर कळतो, पहिल्या चारांनी हेडिंग. यंत्रं चॅप्टर ८४ मध्ये, विद्युत उपकरणं चॅप्टर ८५ मध्ये. कोणती वस्तू कुठे बसते हे ठरवायला सहा सामान्य नियम आहेत. त्यातला पहिलाच सांगतो, की हेडिंगचा मजकूर आणि विभाग-चॅप्टरांच्या टिपा यांवरूनच निर्णय करायचा. बाजारात वस्तूला काय म्हणतात, खोक्यावर काय छापलंय, हे सगळं त्यानंतर. म्हणून या शास्त्रात एकेका शब्दावर लाखो रुपये हलतात, आणि कस्टम्स ब्रोकरच्या टेबलावर शुल्कपत्रकाचा जाडजूड खंड कायम उघडा पडलेला असतो.

आता २००७ साली काय झालं ते पाहू.

तोपर्यंत संगणकाचा मॉनिटर ८४७१ मध्ये होता, म्हणजे संगणकाच्याच घरात, त्याचं आउटपुट युनिट म्हणून. संगणकाच्या सुट्या वस्तूंसाठी ८४७३ हे हेडिंग आहे आणि त्याच्या मजकुरात ‘पार्ट्स आणि ॲक्सेसरीज’ असे दोन्ही शब्द आहेत. अट इतकीच, की ती वस्तू फक्त किंवा मुख्यतः त्या यंत्रांबरोबर वापरायची असावी. कव्हर आणि नेण्या-आणण्याच्या पिशव्या तेवढ्या स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेव्हा मॉनिटरचा स्टँड, त्याला टांगायचा आर्म, त्याच्यावर बसवायची खास चौकट यांना ८४७३ ३० चा दरवाजा उघडा होता. सिंगापूरमध्ये १३ डिसेंबर १९९६ रोजी झालेल्या माहिती-तंत्रज्ञान कराराला भारत १९९७ मध्ये सामील झाला. त्या कराराने या वर्गावरचं मूळ सीमाशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणलं.

मग हार्मोनाइज्ड सिस्टमची २००७ ची आवृत्ती आली. टीव्ही आणि मॉनिटर यांच्यातली भिंत तेव्हा पडत चालली होती. काचेच्या जाड नळीची जागा एलसीडीने घेतली होती आणि एकाच पडद्यावर संगणकही चाले, डीव्हीडीही दिसे. सर्व मॉनिटर एका जागी आणावेत या विचाराने चॅप्टर ८४ च्या टिपेत लिहिलं गेलं, की स्वतंत्रपणे आलेला मॉनिटर ८४७१ मध्ये धरायचा नाही. तो चॅप्टर ८५ मध्ये, टीव्हीच्या शेजारी, ८५२८ मध्ये गेला. संगणकाच्या मॉनिटरला तिथे वेगळं उपशीर्षक मिळालं, आज ते ८५२८ ५२ आहे, आणि त्याची शून्य शुल्काची सवलत टिकली. मॉनिटरचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते त्याच्या सोबत्यांचं. ८५२८ मधल्या उपकरणांच्या सुट्या वस्तूंचं हेडिंग ८५२९ आहे आणि त्याच्या मजकुरात फक्त ‘पार्ट्स’ आहे. ‘ॲक्सेसरीज’ हा शब्द तिथे नाही.

हे वाचताना किरकोळ वाटेल, म्हणून एक वस्तू हातात घेऊन पाहू. मॉनिटरच्या खोक्यात त्याचा स्वतःचा पाय येतो. तो मॉनिटरबरोबर आला तर प्रश्नच नाही, सगळं मिळून मॉनिटर. तोच पाय सुटा आयात केला, तर त्याच्याशिवाय मॉनिटर उभा राहत नाही म्हणून तो पार्ट आहे असं ठामपणे सांगता येतं. त्याचं घर ८५२९. आता टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचा ॲल्युमिनियमचा आर्म घ्या. मॉनिटर त्याच्याशिवायही चालतो. आर्मने पडदा डोळ्यांच्या पातळीवर येतो, मान अवघडत नाही, टेबल मोकळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ‘मेहरा ब्रदर्स’ खटल्यात मोटारीच्या सीट-कव्हरांना ॲक्सेसरी ठरवलं, तेव्हा लावलेली कसोटी नेमकी हीच होती. मूळ वस्तूची सोय, आराम, परिणामकारकता वाढवते ती ॲक्सेसरी. या कसोटीवर आर्म ॲक्सेसरी ठरतो आणि ठरता क्षणीच ८५२९ चं दार बंद होतं.

मग त्याने जायचं कुठे? ज्या पदार्थाचा तो बनला त्याच्या चॅप्टरमध्ये. पोलादी असेल तर ७३२६, ॲल्युमिनियमचा असेल तर ७६१६, प्लास्टिकचा असेल तर ३९२६. किंवा धातूचे ब्रॅकेट, माउंटिंग, फिटिंग यांच्या ८३०२ मध्ये. शेवटच्या पर्यायामागे आणखी एक टीप आहे. ८३०२ मधल्या वस्तूंना ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ म्हणतात आणि ते यंत्रांच्या विभागातून मुळातच बाहेर ठेवलेले आहेत. आणि या सगळ्याच्या शेजारी, त्याच कारखान्यातून त्याच ॲल्युमिनियमचा बनून आलेला लॅपटॉपचा स्टँड! लॅपटॉप अजून ८४७१ मध्ये आहे, त्यामुळे त्याच्या स्टँडला ८४७३ ३० चा, शून्य शुल्काचा दावा आजही करता येतो. एका खोक्यावर ‘लॅपटॉपसाठी’ आणि दुसऱ्यावर ‘मॉनिटरसाठी’ एवढ्यावरून शुल्क वेगळं होण्याची शक्यता तयार होते. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

लालबाग-परळच्या वाचकाला यातली विसंगती अधिक जवळून दाखवता येईल. गिरण्यांची सगळी यंत्रसामग्रीही याच चॅप्टर ८४ मध्ये आहे. चात्यांची यंत्रं ८४४५ मध्ये, माग ८४४६ मध्ये. या यंत्रांच्या सुट्या वस्तूंचं हेडिंग ८४४८, आणि त्यात ‘पार्ट्स आणि ॲक्सेसरीज’ तर लिहिलं आहेच, वर उदाहरणांची यादीही दिली आहे. तिच्यात चाती आहे, फणी आहे, धोटा आहे. जो धोटा हातात घेऊन गिरणगावातल्या साळखात्यांत पिढ्या घडल्या, त्याचं नाव शुल्कपत्रकात आजही स्वच्छ छापलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक विझल्या. कमला मिल, फिनिक्स मिल या नावांखाली आता कचेऱ्या, स्टुडिओ आणि मॉल आहेत, आणि तिथल्या टेबलांवर मागांऐवजी पडदे आहेत. कापडगिरणीचं यंत्र ज्यांनी शुल्कपत्रकात लिहिलं, त्यांनी त्याच्या लहानसहान सोबत्यांचाही विचार केला होता. पडद्याच्या बाबतीत तो विचार २००७ मध्ये झाला असता, तर एका शब्दात काम भागलं असतं.

पैशांत याचा अर्थ काय होतो ते मांडतो. समजा आर्मची आयातकिंमत १०० रुपये आहे. मूळ सीमाशुल्क शून्य असेल तर त्यावर फक्त १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १८ रुपये. आता हिशेबापुरतं मूळ शुल्क १५ टक्के धरू. १५ रुपये शुल्क, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार दीड रुपया, किंमत झाली ११६ रुपये ५० पैसे. त्यावर १८ टक्के आयजीएसटी २० रुपये ९७ पैसे. एकूण ३७ रुपये ४७ पैसे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. पण साडेसोळा रुपये कायमचे गेले, ते गिऱ्हाइकाकडून वसूल करायचे किंवा स्वतः सोसायचे. दोन हजार रुपयांचे एक हजार आर्म मागवले, तर हा फरक ३ लाख ३० हजारांचा होतो. लॅमिंग्टन रोडवरच्या मधल्या फळीतल्या दुकानदाराचा त्या खेपेतला सगळा नफा त्यात जाऊ शकतो.

आणि ही रक्कम माल सोडवताना कळली तर निदान भाव ठरवता येतो. अडचण अशी, की ती पुष्कळदा नंतर कळते. एप्रिल २०११ पासून आयातदाराने स्वतःच आपल्या मालाचं वर्गीकरण आणि शुल्क ठरवायचं आहे, त्याला सेल्फ-असेसमेंट म्हणतात. बिल ऑफ एंट्री संगणकावर भरायची, बहुतेक माल यंत्रणा न अडवता सोडते, ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल नेण्याची मुभा, मिळते, माल विकून होतो. नंतर ऑडिट येतं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली सामान्यतः दोन वर्षांपर्यंतच्या आयातीचं कमी भरलेलं शुल्क मागता येतं. दडवादडवी किंवा हेतुपुरस्सर खोटी माहिती असल्याचा आरोप झाला तर ही मुदत पाच वर्षांवर जाते आणि शुल्काइतकाच दंडही बसू शकतो. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ‘नॉर्दर्न प्लास्टिक्स’ प्रकरणात म्हटलं आहे, की सवलत किंवा वर्ग लागू होतो असा दावा करणं ही आयातदाराची समजूत असते, ती खोटी माहिती ठरत नाही. पण हे म्हणणं मांडायलाही खर्च येतो. आयुक्तांकडे पहिल्या अपिलाला वादग्रस्त शुल्काच्या ७.५ टक्के आधी भरावे लागतात. त्यानंतर मशीद बंदरला पी. डि'मेलो रोडवर जे अपिलीय न्यायाधिकरण बसतं, तिथे १० टक्के. वकील वेगळा.

मोठ्या कंपन्यांना हा रस्ता परवडतो. त्यातलं एक प्रकरण न्हावा-शेवाच्याच सीमाशुल्क कार्यालयातून निघालं आणि दिल्लीपर्यंत गेलं. मॉनिटरच्या पोटातच सगळा संगणक बसवलेला असतो, त्या ‘ऑल-इन-वन’ डेस्कटॉपचं ते प्रकरण. आयातदार होते हेवलेट पॅकार्ड आणि लेनोव्हो. त्यांचं म्हणणं, हा माल ८४७१ ५० ०० मधला. खात्याचं म्हणणं, ८४७१ ३० १० मधला. हा दुसरा वर्ग १० किलोपर्यंतच्या ‘पोर्टेबल’ संगणकांचा, म्हणजे आपल्या लॅपटॉपचा. वजन १० किलोच्या आत, पडदा आहे, कीबोर्ड आहे, उचलून नेता येतो, मग पोर्टेबल का नाही, असा खात्याचा युक्तिवाद होता. जीएसटीपूर्वीच्या पद्धतीत अतिरिक्त शुल्क कोणत्या किमतीवर आकारायचं, हे या वर्गावर अवलंबून होतं.

१७ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयातदारांच्या बाजूने निकाल दिला. उचलता येणं आणि रोज सोबत घेऊन फिरता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे न्यायालयाने तपशिलात सांगितलं. ऑल-इन-वनला सतत भिंतीतल्या विजेचा आधार लागतो, तो टेबलावर ठेवूनच वापरायचा असतो, प्रवासात सांभाळेल असं आवरण त्याला नसतं. वजनाचा आकडा एकटा पुरत नाही. निकालात आणखी एक इशारा होता, जो मला फार मोलाचा वाटतो. वर्गीकरण ठरवताना विकिपीडियासारख्या, कुणीही लिहावं आणि बदलावं अशा स्रोतांवर विसंबू नये, असं न्यायालयाने बजावलं. खालच्या पातळीवरच्या आदेशांत असे उतारे आधार म्हणून आले होते.

हा वाद आपल्याच देशाचा आहे असं समजू नये. डीव्हीआय जोडणी असलेले एलसीडी मॉनिटर संगणकाशिवाय इतर यंत्रांनाही लावता येतात, या कारणाने युरोपीय संघ त्यांच्यावर १४ टक्के शुल्क घेत होता. अमेरिका, जपान आणि तैवानने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि ऑगस्ट २०१० च्या निवाड्यात युरोप हरला. नुसत्या पॅनेलवरून आपल्याकडेही वाद झाले. वीज मीटरमधल्या एलसीडीबद्दलचं ‘सिक्युअर मीटर्स’ प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाली काढलं आणि ती एलसीडी मीटरचा पार्ट न धरता ९०१३ मध्ये टाकली. पुढे हार्मोनाइज्ड सिस्टमच्या २०२२ च्या आवृत्तीने सपाट पडद्याच्या मोड्यूलसाठी ८५२४ हे नवं हेडिंगच काढलं, आणि एलसीडीचा उल्लेख ९०१३ मधून गेला. पॅनेल बनवणाऱ्यांचा आवाज मोठा होता, म्हणून त्यांना घर मिळालं. आर्म आणि फिल्मवाल्यांचं कुणी मांडलं नाही.

खात्याची बाजूही आहे आणि ती हलक्यात काढण्यासारखी नाही. शून्य शुल्काचं दार सैल ठेवलं, तर भिंतीवर टीव्ही टांगायचे ब्रॅकेट, दुकानातले डिस्प्ले स्टँड, सगळंच ‘संगणकाची ॲक्सेसरी’ म्हणून आत येईल. पत्र्याची कामं करणारे आपले छोटे कारखानदारही असे स्टँड बनवतात, त्यांना संरक्षण हवं असेल. तसं असेल तर सरकारने तसा दर उघडपणे लावावा. २०२५ च्या अर्थसंकल्पात शाळा-क्लासमधल्या इंटरॲक्टिव्ह फ्लॅट पॅनेलवर शुल्क १० वरून २० टक्के केलं आणि ओपन सेल व इतर सुट्या भागांवर ते ५ टक्क्यांवर आणलं. त्या निर्णयाशी कुणाचं जमेल, कुणाचं नाही जमणार, पण तो सर्वांना वाचता आला आणि त्याप्रमाणे भाव ठरवता आले. माल विकून झाल्यावर दोन वर्षांनी उलगडणारं कोडं हे शुल्कधोरण होऊ शकत नाही.

त्यातच आता आपला माल कोण तपासतो हेही बदललं आहे. फेसलेस असेसमेंट ८ जून २०२० ला बेंगळुरू आणि चेन्नईत सुरू झालं, तेही नेमक्या चॅप्टर ८४ आणि ८५ पासून, आणि ३१ ऑक्टोबर २०२० पर्यंत देशभर पोचलं. न्हावा-शेवाला उतरलेल्या आर्मची बिल ऑफ एंट्री आज दुसऱ्या शहरातला अधिकारी संगणकावर पाहतो. ओळखी-पाळखीला यात जागा उरली नाही, हे चांगलंच झालं. पण पूर्वी ब्रोकर नमुना हातात घेऊन बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये अप्रेझरच्या टेबलापर्यंत जाई, स्क्रू आवळून दाखवी. आता कॅटलॉगचं पान आणि दोन ओळींचं उत्तर यांवर भिस्त आहे. म्हणून वस्तूचं वर्णन लिहिताना कंजूषपणा करू नये. ‘कॉम्प्युटर ॲक्सेसरीज’ एवढंच लिहिण्याऐवजी कशाचा बनलाय, कुठे बसतो, मॉनिटरमागच्या ठरावीक (‘वेसा’) मापाच्या भोकांना बसतो का, टीव्हीला लागतो का, हे सगळं लिहावं. प्रामाणिक आयातदाराचं पुढच्या भांडणातलं पहिलं संरक्षण तेच आहे.

दुसरा उपाय त्याच न्यू कस्टम हाऊसमध्ये आहे आणि छोट्या व्यापाऱ्यांनी त्याचा पुरेसा उपयोग केलेला दिसत नाही. जानेवारी २०२१ पासून मुंबईत सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण काम करतं. माल मागवण्याआधीच, दहा हजार रुपये शुल्क भरून, ‘ही वस्तू कोणत्या वर्गात’ असं लेखी विचारता येतं. उत्तरासाठी तीन महिन्यांची मुदत आहे आणि निर्णय काही वर्षं चालतो. मर्यादा एकच पण मोठी आहे. तो ज्याने विचारलं त्याच्यापुरता आणि संबंधित अधिकाऱ्यांपुरता बंधनकारक असतो, शेजारच्या दुकानदाराला त्याचा हक्काने आधार घेता येत नाही. आर्म विकणाऱ्या प्रत्येकाने स्वतंत्र दहा हजार भरून एकच प्रश्न विचारावा, हे कुणाच्याच हिताचं नाही. व्यापारी संघटनांनी पुढाकार घेऊन नेहमीच्या पाच-सात वस्तूंवर निर्णय मिळवावेत आणि ते मराठी-हिंदीत सोप्या शब्दांत छापून रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात पोचवावेत. आदेश इंग्रजीत, तोही तीस-चाळीस परिच्छेदांचा असला, तर गाळ्यात बसलेला माणूस तो वाचणार कधी?

मूळ दुरुस्ती मात्र सरकारच्या हातात आहे. हेडिंगचे शब्द जागतिक आहेत, ते दिल्लीला एकट्याने बदलता येत नाहीत. पण पुढची आवृत्ती २०२८ मध्ये लागू व्हायची आहे आणि तिच्यानंतरच्या आवृत्तीसाठी ८५२९ मध्ये ‘ॲक्सेसरीज’ शब्द घालण्याचा प्रस्ताव भारत ब्रुसेल्समध्ये मांडू शकतो. तोवर थांबायचीही गरज नाही. सवलतीच्या अधिसूचना दिल्ली स्वतः काढते. ८५२८ ५२ मधल्या मॉनिटरसाठीच वापरायच्या स्टँड, आर्म आणि फिल्टरवर मूळ सीमाशुल्क किती, शून्य की आणखी काही, हे सांगणारी एक नोंद त्यात घालता येते. येत्या अर्थसंकल्पाआधी सूचना मागवल्या जातील. लॅमिंग्टन रोडच्या व्यापाऱ्यांनी, त्यांच्या ब्रोकरांनी आणि दक्षिण मुंबईच्या लोकप्रतिनिधींनी ही एक ओळ लिहून अर्थमंत्रालयाला पाठवावी.